तिसऱ्या लेनची दोरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. मनात एकदा शब्द जुळले की ओठांपर्यंत यायला त्यांना वेळ लागत नाही, म्हणून मी ते जुळूच दिले नाहीत. आज तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मला नीटसं ठाऊक नाही.

आधीच सांगते — मी दुःखी बाई नाही. तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं काहीतरी लपवलं म्हणजे आतून पोखरली गेली असेल, रात्र-रात्र झोप लागत नसेल. तसं काही झालं नाही. मला झोप लागते. माझा संसार चांगला झाला, शाळेत मान मिळाला, मुलगी मार्गाला लागली. आणि पोहणं — ते तर अजून आहे. या वयातही पाण्यात शिरले की माझं अंग मला हलकं वाटतं. हे सगळं सुख खरं आहे. आणि मी जे केलं, तेही खरं आहे. दोन्ही एकाच घरात इतकी वर्षं राहिली, एकमेकांशी न भांडता. हेच मला सांगायला सगळ्यात जड जातंय.

मी सांगलीची. कृष्णेत पोहायला शिकले, पाठीला सुका भोपळा बांधून, मामाच्या शिव्या खात. लग्नानंतर यांची बँकेत बदली झाली आणि आम्ही उज्जैनला आलो. मग इथलेच झालो. मी फ्रीगंजमधल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. इथे क्षिप्रेवर बायका जायच्या, पण त्या डुबकी मारायला. साडी नेसून, नाक धरून, तीनदा पाण्याखाली, की झालं पुण्य. मी एकदा घाटापासून जरा आत पोहत गेले तर काठावरच्या पंड्याने आरडाओरडा केला — "अरे पकड़ो, बाई बह गई!" त्यानंतर मी नदीत कधी पोहले नाही. बारा-तेरा वर्षं मी कोरडी राहिले असं म्हणा ना.

मग सिंहस्थ होऊन गेला, आणि त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत गाव बदलायला लागलं. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, टीव्हीवर दहा-दहा चॅनल दिसायला लागले, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ उभे राहिले. माधव नगरच्या मागच्या बाजूला एका क्लबने पोहण्याचा तलाव बांधला. निळ्या फरशीचा, तळ दिसणारा. सगळे त्याला 'पूल' म्हणायचे. आणि त्यात चक्क लेडीज बॅच! सकाळी जेंट्स लोक बाहेर पडले की आठ वाजता आमची वेळ. मी पहिल्याच दिवशी नाव घातलं.

कुसुमला मीच घेऊन गेले. कुसुम आमच्या शेजारची. तिचं सासर-माहेर दोन्ही चार पिढ्यांचं उज्जैनचं. मराठी बोलायची, पण निम्मं हिंदी घालून, आणि ते तिच्या तोंडी गोड वाटायचं. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. कंबर धरलेली असायची तिची सारखी. डॉक्टर म्हणाले, पोहा. ती घाबरून माझ्याकडे आली.

"ताई, मला तर पाण्याची लई भीती लागते. बालटीभर पाण्यात पण मी डोळे मिटून घेते."

"मी आहे ना," मी म्हटलं.

माझ्या लूनावर मागे बसून ती यायची. टेलरकडून शिवून घेतलेला तो गुडघ्यापर्यंतचा काळा ड्रेस, त्यावर लाजून गुंडाळलेला टॉवेल. पहिले आठ-दहा दिवस तिने कठडा सोडला नाही. आणि मग एक दिवस — मी स्वतः पाहिलं — तिचे पाय तळापासून सुटले, आणि ती तरंगली. तिने पाण्यातून तोंड वर काढलं तेव्हा ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. "ताई! ताई, पाण्यानं मला धरलं नं!" असं ओरडली. सगळ्या बायका थांबून बघायला लागल्या.

तिला बेडकासारखं पोहणं जमलं. हात पुढे, मग बाजूला, पाय दुमडून मागे फेकायचे. हळू, पण तासभर थकायची नाही. कंबरेचं तर ती विसरूनच गेली. घरी जाताना लूनावर मागे बसून गाणी म्हणायची. सासू, दोन मुलं, रेल्वेतला नवरा, पाहुण्यांचा राबता — या सगळ्यात दिवसातला तो एक तास तिचा स्वतःचा होता. हे तिनेच एकदा मला सांगितलं होतं. लक्षात ठेवा हे. मीही ते विसरलेले नाही.

आता पूलबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चार लेन होत्या. मध्ये तरंगत्या गोळ्यांच्या तीन दोऱ्या, दोन्ही टोकांना भिंतीतल्या कड्यांत अडकवलेल्या. पहिली लेन शिकणाऱ्यांची. दुसरी आणि तिसरी जमायला लागलेल्यांची. चौथी, पलीकडच्या भिंतीलगतची, भराभर पोहणाऱ्यांची — म्हणजे माझी, आणि आणखी दोघींची. एका लेनमध्ये तिघी-चौघी असायच्या, म्हणून नियम होता: जाताना डाव्या अंगाने जायचं, येताना दुसऱ्या अंगाने यायचं, रस्त्यावर गाड्या जातात-येतात तसं. आमच्या कोच मॅडम कडक होत्या. सीझन सुरू झाला तेव्हा त्यांनी प्रत्येक लेनमध्ये दोन-दोन बायकांना हात पसरून शेजारी-शेजारी उभं केलं. "दोनों की उँगलियाँ आपस में छू जाएँ, पर रस्सी को न छुएँ। इतनी जगह चाहिए। इससे कम में आमने-सामने नहीं तैर सकते, चोट लगेगी।" तसं मापून त्यांनी दोऱ्यांच्या कड्या ठरवून दिल्या.

पण भिंतीत कड्या जास्तीच्या होत्या. मुलांच्या शर्यतींसाठी अरुंद लेन करता याव्यात म्हणून बांधतानाच बसवलेल्या असाव्यात. हातभर अंतरावर एकेक.

कळलं ना मी कुठे चाललेय?

मला माझी लेन लहान वाटायची. मी नदीत शिकलेली, माझे हात लांब पडायचे. बरोबरच्या दोघी माझ्यापेक्षा हळू. त्यांच्या मागे अडकलं की माझा जीव जायचा. ओलांडून पुढे जावं तर हात दोरीवर आपटायचा, लय तुटायची. आणि मला लय तुटलेली आवडत नाही. बारा-तेरा वर्षं थांबले होते मी या पाण्यासाठी — असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे. पण ती सबब झाली. सबब द्यायची नाही असं ठरवून बसलेय मी. मला जागा हवी होती, एवढंच.

मी सगळ्यांच्या आधी पोचायचे. कुसुम कपडे बदलायला वेळ लावायची, पूलचा माणूस दोऱ्या बांधून पंपाच्या खोलीत गेलेला असायचा. एका सकाळी मी तिसऱ्या आणि चौथ्या लेनमधली दोरी कडीतून काढली आणि तिसरीच्या बाजूला, पुढच्या कडीत अडकवली. मग दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथेही तेच केलं. एका टोकाची दोरी चुकून सरकते, म्हणता येईल. दोन्ही टोकांची?

त्या दिवशी मी काय पोहले! हात कशालाच लागला नाही. दोघींना मी असं ओलांडलं जसं सायकलवाल्याला मोटार ओलांडते. बाहेर आले तेव्हा कोच मॅडम म्हणाल्या, "आज तो आप उड़ रही थीं, सुधाजी." मी नुसती हसले.

कुणाच्या लक्षात आलं नाही. पाण्यात सगळंच हलतं, दोरीही थोडी हेलकावते, हातभर अंतर कुणाच्या डोळ्यात भरतंय? तास संपला की दोऱ्या सोडून गुंडाळल्या जायच्या. मग मी रोज तसंच करायला लागले. आणि थोड्या दिवसांनी एक कडी पुरेना. दोन कड्या सरकवली.

माझी लेन जेवढी रुंद झाली, तेवढी तिसरी अरुंद झाली. गणिताची बाई मी. हे मला कुणी फळ्यावर मांडून दाखवायची गरज नव्हती. तिसरीत कुसुम पोहायची, आणि एक रेखा नावाची मुलगी, आणि आणखी एक-दोघी. बेडकासारखं पोहणाऱ्याचे पाय बाजूला फेकले जातात, त्याला जागा जास्त लागते. हेही मला माहीत होतं. मीच कुसुमला ते पाय मारायला शिकवलं होतं.

आणि कुसुमने मला विचारलं होतं. हे मात्र मी आजवर स्वतःपासूनही लपवत आले. अपघाताच्या आदल्या दिवशी की त्याच्या आदल्या दिवशी, लूनावर मागे बसल्या-बसल्या ती म्हणाली, "ताई, आजकल आमच्या लेनमध्ये जागा कमी वाटून राहिली नं? दोनदा माझा पाय कोणाला तरी लागला."

मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "तुझे पाय फार फाकतात, कुसुम. जरा आवरून मारत जा."

"हो का? मला तर वाटलं..." ती म्हणाली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? पोहायला तिला मी शिकवलेलं.

रेखा बावीस-तेवीसची असेल. मालव्यातलं चांगलं व्यापारी घर, थंडीत लग्न ठरलेलं. दिसायला सुरेख, आणि हसली की आणखीच. ती उताणी पोहायची, आकाशाकडे बघत. उताणं पोहणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. तो आपल्या बाजूच्या दोरीच्या भरवशावर असतो.

मी माझ्या लेनमध्ये होते. भिंतीला पाय लावून वळले आणि किंचाळी ऐकली. मान वर काढली तर तिसऱ्या लेनमध्ये रेखा दोन्ही हातांनी तोंड धरून उभी होती, आणि तिच्या बोटांतून रक्त पाण्यात उतरत होतं. ते पाण्यात विरत नव्हतं लगेच — दोऱ्यासारखं लोंबत होतं. कुसुमची टाच तिच्या तोंडावर बसली होती. समोरासमोरून जाताना, दोघी आपापल्या बाजूला असताना. दोघींनी नियम पाळला होता. जागाच नव्हती.

समोरचा एक दात अर्धा तुटला, शेजारचा मुळातून गेला, ओठ फाटला. मॅडमनी तिला उचलूनच बाहेर काढलं. बायका सगळ्या त्यांच्या मागे कपडे बदलायच्या खोलीकडे धावल्या. पूलचा माणूस ऑटो आणायला पळाला. कुसुम पायऱ्यांवर बसली होती, पूलकडे पाठ करून, त्या खोलीच्या दाराकडे बघत.

पाण्यात मी एकटी उरले.

आता ते सांगते, ज्यासाठी इतका वेळ मी गोल-गोल फिरतेय.

मी रेखाकडे गेले नाही. कुसुमकडे गेले नाही. मी दोरीकडे गेले. भिंतीशी पोहत जाऊन मी दोरी कडीतून काढली आणि दोन कड्या मागे, मॅडमनी ठरवलेल्या जागी, अडकवली. मग पूलची अख्खी लांबी पोहून पलीकडच्या टोकाला गेले. वाटेत तो लाल डाग होता अजून, त्याच्या शेजारून गेले. दुसरं टोकही जागेवर लावलं. घाईत केलं म्हणावं तर हात जराही कापले नाहीत माझे. अगदी व्यवस्थित केलं, जसं परीक्षेच्या खोलीत बाकांच्या रांगा सरळ करते तसं. मग बाहेर आले, टॉवेल घेतला, आणि कुसुमच्या खांद्यावर घातला.

तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, मी काय केलं हे?"

मी म्हटलं, "काही नाही केलंस. शांत हो."

खरंच बोलले होते की मी. नाही का?

दोन दिवसांनी क्लबच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं. सेक्रेटरी साहेब, कोच मॅडम, आम्ही बायका, आणि रेखाची आई. ती माउली उभ्या-उभ्या ओरडत होती. "चार महीने में शादी है मेरी बच्ची की! मुँह तोड़ दिया! तैरना नहीं आता तो पानी में उतरती क्यों हो?" कुसुम मान खाली घालून बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

सेक्रेटरींनी मॅडमना विचारलं, लेन बरोबर होत्या का. मॅडम म्हणाल्या, "नाप तो मैंने ही दिया था। उस दिन मैंने देखा नहीं, सर." त्यांचा चेहरा उतरला होता. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. मी शिक्षिका, मी सगळ्यात आधी येणारी, माझ्या शब्दाला किंमत. "सुधाजी, आप बताइए। रस्सी अपनी जगह पर थी?"

दार उघडं होतं माझ्यासमोर. एक शब्द बोलायचा होता. काय झालं असतं? क्लबमधून काढलं असतं. शाळेत कुजबुज झाली असती. यांनी चार दिवस तोंड फिरवलं असतं. याहून जास्त काही झालं नसतं.

"थी," मी म्हणाले. "मैं रोज़ सबसे पहले आती हूँ। अपनी जगह पर ही थी।"

इथे थांबले असते तरी एक वेळ... पण मी थांबले नाही. कुणी विचारलेलं नसताना मी पुढे म्हणाले, "कुसुम के पैर ज़रा चौड़े जाते हैं। मैंने उसे टोका भी था।"

कुसुमने मान वर केली आणि हळूच हलवली. "हाँ," ती म्हणाली. "ताई ने बोला था मुझे."

तिने माझ्या बाजूने साक्ष दिली! स्वतःच्याच विरुद्ध.

मग रेखाची आई पुन्हा तिच्यावर धावली, तेव्हा मी उठून मध्ये उभी राहिले. "बस कीजिए बहनजी. जान-बूझकर थोड़े ही किया है. गलती किससे नहीं होती?" रेखाची आई मागे सरली. सगळ्यांना वाटलं, काय पण मैत्री आहे. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्याबद्दलच्या कृतज्ञतेचं होतं.

संध्याकाळी ती रेखाच्या घरी माफी मागायला गेली. एकटीला धीर होईना, म्हणून मी बरोबर गेले. रेखाचा ओठ सुजून नाकाला लागला होता. तिने कुसुमकडे बघून हात जोडले आणि बोबडं-बोबडं म्हणाली, "आंटी, आप रोइए मत. हो गया सो हो गया." मी शेजारी बसून कुसुमची पाठ थोपटत होते. त्यांनी दिलेलं सरबतही प्याले.

रेखाचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. दात बसवले, नवरा समजूतदार निघाला. रिसेप्शनला आम्हीही गेलो होतो. ती तेव्हाही सुरेखच दिसत होती. फक्त हसताना हात तोंडावर न्यायची. आधी तशी नेत नसे.

कुसुमने पूल सोडला. कुणी सोडायला सांगितलं नाही, तिची तिनेच. मी चालू ठेवला. दोरी पुन्हा कधी सरकवली नाही — यात काही मोठेपणा नाही, मॅडम आता रोज स्वतः मापून बघायच्या. माझी लेन परत तेवढीच झाली. दोन-चार दिवस हात दोरीला लागले, मग सवय झाली. एवढीच सवय आधी केली असती तर? पण मग हे सांगायलाच कशाला बसले असते.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिला पुन्हा घेऊन गेले. तिची कंबर परत धरायला लागली होती. शिवाय — मला ते भरून काढायचं होतं, न सांगता. मी खूप आग्रह केला. "विसर आता ते सगळं," म्हणाले. कुणी कुणाला सांगितलं बघा!

ती आली. भिंतीलगतच्या पहिल्या लेनमध्ये उतरली. लेनमध्ये कुणी नसेल तेव्हा पोहायची, पण पाय पूर्वीसारखे मोकळे टाकायची नाही, चोरून मारायची. तशाने माणूस पुढे जात नाही, बुडायला लागतो. आणि लेनमध्ये दुसरं कुणीही आलं, अगदी सात-आठ वर्षांची पोर आली, की ही थांबायची. भिंतीला पाठ लावून, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, अंग आक्रसून उभी राहायची. "तू जा आधी, बेटा. जा, जा." तासातला बराचसा वेळ ती अशी भिंतीला चिकटून उभी असायची. मी माझ्या लेनमधून दर फेरीला तिला बघायचे. एका कुशीवर श्वास घ्यायला तोंड काढलं की ती दिसायची.

पंधरवड्याने ती म्हणाली, "राहू द्या ताई. माझ्या नशिबात नाही पाणी." आणि यायची बंद झाली. मी पुन्हा आग्रह केला नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. ती दिसेनाशी झाल्यावर माझं पोहणं परत पहिल्यासारखं झालं.

पण शेजार होता. दर संक्रांतीला ती गुळाच्या पोळ्या घेऊन यायची, माझ्यासाठी वेगळ्या, तूप जास्त घातलेल्या. माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात राबली. यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा तिच्याकडून यायचा. मी नको म्हटलं की म्हणायची, "ताई, सगळे माझ्यावर उलटले होते नं, तेव्हा तुम्ही एकट्या उभ्या राहिल्या. ते मी मरेपर्यंत नाही विसरणार." प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी मी पोळी खाल्ली. फार छान करायची ती पोळ्या.

तुम्ही म्हणाल, अशी मैत्री खोटी. पण नाही हो — कुसुम मला खरंच आवडायची. तिच्याशी गप्पा मारताना मला खरंच आनंद व्हायचा. आमची चाळीशी-पन्नाशी आम्ही एकमेकींच्या ओट्यावर काढली. ते सगळं खोटं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नवरा रिटायर झाल्यावर ती मुलाकडे इंदूरला राहायला गेली. मध्यंतरी मी तिला भेटायला गेले होते. मुलाचा फ्लॅट नव्या कॉलनीत, मोठ्या इमारतीत, आणि खाली आवारात पूल. आम्ही तिथे काठावर खुर्च्या टाकून बसलो होतो. तिची नात पाण्यात होती. माशासारखी पोर, नऊ-दहा वर्षांची. पूल जवळजवळ रिकामा होता, दोऱ्या-बिऱ्या काही नाहीत, नुसतं पाणी.

"आजी, ये ना गं! पाय तरी सोड पाण्यात!" ती सारखी ओरडत होती.

कुसुमने खुर्ची काठापासून आणखी थोडी मागे घेतली. "नको बेटा. माझे पाय सरळ नाही जात. कोणाला लागून जाईल."

पोर हसली आणि बुडी मारून लांब गेली. कुसुमही हसली. मग सून पोहे घेऊन आली, तिला ती कौतुकाने सांगायला लागली — "ह्याच त्या सुधाताई. मी सांगते नं तुला? एका मुलीला माझ्या पायानं लागलं होतं, सगळे मला बोलून राहिले होते, तेव्हा फक्त ह्या माझ्यासाठी उभ्या राहिल्या. असं माणूस मिळायला भाग्य लागतं."

सुनेने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्यात काय एवढं," मी म्हणाले.

पोहे चांगले झाले होते, वर शेव भरपूर. मी दुसऱ्यांदा घेतले. कुसुम मुलाच्या प्रमोशनचं सांगत होती, नातीच्या बक्षिसांचं सांगत होती, आणि मी ऐकत होते, आणि मला छान वाटत होतं. संध्याकाळी तिने मला बसपर्यंत सोडलं. खिडकीजवळची जागा मिळाली. सांवेरच्या पुढे कधीतरी माझा डोळा लागला, तो एकदम उज्जैन आल्यावरच उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पोहायला गेले. पाणी जरा गार होतं, पण दोन फेऱ्यांनंतर अंगाला सवय झाली.